आरसेमहालाचं मागलं दार

म्हसवडच्या जत्रेत यंदा कुठले कुठले खेळ आलेत, हे आकाराम आधीच जाऊन बघून आला. सायकलवर दोन कोस गेला, माळावर तासदोन तास फिरला आणि घरी येऊन चुलीपुढं बसलेल्या बायकोला म्हणाला, "तीन घेऊ. जादूगाराचा तंबू, पाळणा आन् आरसेमहाल. दिसाला एक."

विजयमालानं तव्यावरची भाकरी उलटली. "आन् मौतका कुवा?"

"त्यात वर उभं राहून खाली बघायचं आसतंय. डोक्यावर आभाळ मोकळं. त्यात कसलं आलंय ट्रेनिंग?"

आकाराम फौजेत गाड्यांवर होता. नव्या रंगरुटांना ट्रक शिकवायचं काम त्याच्याकडं होतं आणि कुठलीही गोष्ट टप्प्याटप्प्यानं शिकवता येते यावर त्याचा भरवसा होता. रंगरुटाला पहिल्या दिवशी कोणी घाटात घालत नाही. आधी उभ्या गाडीत बसवायचं, मग मैदानात, मग सडकेवर. बायकोच्या भीतीलाही त्यानं तसंच धरायचं ठरवलं होतं.

विजयमालाला बंद जागा सोसत नव्हती. दार लागलं की आधी तळहात ओले व्हायचे. मग कानांत दडे बसायचे आणि समोरच्याचं बोलणं लांबून आल्यासारखं वाटायचं. मग श्वास वरच्यावर राहायचा, छातीच्या खाली उतरायचाच नाही. हा क्रम कधी बदलला नव्हता. तिनं तो इतक्यांदा पाहिला होता, की एखाद्यानं पाहुण्यांची वाट बघावी तसं तिला पुढचं काय येणार ते ठाऊक असायचं. पौषाच्या थंडीतही ती ओसरीवर निजायची. न्हाणीला दाराऐवजी गोणपाटाचा पडदा होता.

हे कुठून आलं, ते ती सांगू शकायची, पण ऐकणाऱ्याला ते फार किरकोळ वाटायचं. तिचं माहेर सांगलीचं. तिचा बाप, नाव गुंडा, पुढं माधवनगरला गिरणीत लागला, पण त्याआधी हरिपुरात हळदीच्या पेवांवर हमाल होता. पेव म्हणजे जमिनीत खोदलेली मोठी कोठी. तोंड एक माणूस जेमतेम उतरेल एवढं आणि पोट आत खोलीएवढं. हळद भरून तोंड मातीनं लिंपून टाकायचे. फोडलं की लगेच कोणी आत उतरायचं नाही. काही तास तोंड उघडं ठेवायचं, मग दोरीनं कंदील सोडायचा. कंदील तळापर्यंत जळत गेला तर माणूस उतरायचा. आठ वर्षांची विजयमाला बापाची भाकरी घेऊन गेली, तेव्हा कंदील खाली चालला होता. अर्ध्यात गेल्यावर ज्योत आखडली, निळी झाली आणि विझली. कोणी फुंकर घातली नव्हती. "का इझला?" तिनं विचारलं. "खाली हवा न्हाई," बाप म्हणाला आणि भाकरीचं फडकं सोडून जेवायला बसला. त्या दिवशी कोणी मेलं नाही. संध्याकाळी पुन्हा कंदील सोडला, तो जळला, माणसं उतरली आणि हळद काढून वर आली. घडलं ते एवढंच.

आकारामला तिनं हे लग्नानंतर तिसऱ्या वर्षी सांगितलं. तो हसला नाही. खिशातली काड्याची पेटी काढून त्यानं तिच्या हातात ठेवली. "जीव घाबरला की काडी वढायची. जळली तर हवा हाय. कंदिलाचाच हिशेब." तेव्हापासून ती पेटी तिच्या कमरेला, पिशवीत असायची.

लग्नाला पाच वर्षं झाली होती. सगळ्या सुट्ट्या मिळून नवराबायको दहा महिने एकत्र राहिली होती. गेल्या साली आकारामला जबलपूरला क्वार्टर मिळालं. दोन खोल्या, पुढं पडवी. तो तिला न्यायला आला. सातारा स्टेशनात गाडी आली तेव्हा डब्यावरची तिसऱ्या वर्गाची पाटी पुसून दुसऱ्याची केलेली होती, पण डबा तोच होता. गजांच्या खिडक्या, फळीला फळी लागून बसलेली माणसं, दारात उभ्या केलेल्या ट्रंका. आकारामनं तिला आत बसवलं, मागं गर्दी लोटली आणि कोणीतरी दार ओढून घेतलं. गाडी हलली तेव्हा ती माणसांच्या मांड्यांवर पाय देत दाराशी आली होती. तिनं दार उघडलं आणि ती फलाटावर पडली. कोपर फुटलं. गाडी तिची ट्रंक आणि तिचा नवरा घेऊन गेली. बायको आली नाही म्हणून क्वार्टर दुसऱ्याला गेलं.

"म्हशीला कासरा लावून टरकात चढवत्यात," तिची सासू बनुबाई गावभर सांगायची. "ही बाईमानूस आसून आगीनगाडीत बसंना. खुळी पदरात पडली बगा."

यंदा क्वार्टरच्या यादीत आकारामचं नाव पुन्हा वर आलं होतं. या खेपेला नेलं नाही तर नाव तळाला जाणार आणि परत वर यायला चार वर्षं लागणार. सिद्धनाथाचा रथ गुरुवारी होता. शनिवारच्या एस.टी.नं साताऱ्याला जायचं होतं. सातारा ते पुणे आणि पुढं दोन रात्री डब्यात. तेवढं जमलं की पडवीचं घर.

मंगळवारी जादूगाराचा तंबू झाला. आकारामनं तिला कडेच्या बांबूजवळ बसवलं. कनातीचं टोक उचललं तर बाहेरचं गवत दिसायचं. जादूगार टोपीतून कबुतर काढत होता, तेव्हा तिनं पहिली काडी ओढली. पाठीमागून एक म्हातारा ओरडला, "ए बाई, तंबू पेटवतीस का काय?"

"ती हवा बगतीया," आकाराम म्हणाला.

"मग भाईर जाऊन बग की. भाईर लय हाय."

लोक हसले. विजयमालाही हसली. हसताना श्वास आपोआप खाली उतरला, हे तिच्या लक्षात आलं. खेळ संपेपर्यंत ती बसून राहिली. तीन काड्या लागल्या.

बुधवारी पाळणा. लोखंडी पेटीला जाळीचं दार होतं आणि बाहेरून खटका. आत समोरासमोर बसलं की गुडघ्याला गुडघा लागत होता. खटका पडला तसे तिचे तळहात ओले झाले. इंजिनाचा आवाज आला, पाळणा चढला आणि खाली माणसं भरायची म्हणून त्यांची पेटी नेमकी वर थांबली. वाऱ्यानं काडी टिकेना. दोन विझल्यावर तिनं काड्याची पेटी कमरेला खोचली आणि आकारामच्या सदऱ्याची बटणं मोजली. पाच होती, त्यातलं एक दुसऱ्या रंगाचं. खाली सिद्धनाथाचं शिखर दिसत होतं, पलीकडं माणगंगेची वाळू. पाळणा फिरू लागला. अकरा फेऱ्या झाल्या. खाली उतरली तेव्हा श्वास जागेवर होता.

"पास," आकाराम म्हणाला. त्यानं गोडीशेवेचा पुडा घेतला आणि तिथूनच एस.टी.च्या चौकीवर जाऊन शनिवारच्या गाडीची वेळ विचारून आला. येताना गावच्या वाटेवर ती त्याच्या पुढं चालत होती. असं पाच वर्षांत झालं नव्हतं.

"पडवीत तुळस लावता येईल का वो?" तिनं विचारलं.

"मेजरची बायकू ढब्बू मिरच्या लावती. तू तुळस लाव न्हाईतर ऊस लाव."

"उद्या आरसेमहालात मी एकलीच जाते."

आकाराम थांबला. "एकली कशाला?"

"डब्यात तुमी हायसाच. पर तुमी हाय म्हनून मी बसले, का माझी मी बसले, ह्ये मला कळाया पायजे."

त्यानं गोडीशेवेचा पुडा या हातातून त्या हातात घेतला. मग म्हणाला, "बरोबर हाय. गाडी शिकवताना शेवटच्या दिशी उस्तादानं स्टेरिंगला हात लावायचा नसतो. मी मागल्या दाराशी थांबतो."

गुरुवारी सगळं म्हसवड गुलाबी झालं होतं. रथावर गुलाल आणि खोबऱ्याच्या वाट्या उधळत होते. रस्ते, बैल, माणसांच्या पापण्या, सगळ्यावर गुलाल बसला होता. बनुबाई गावातल्या बायकांबरोबर रथाच्या वाटेवर उभी होती. त्यांच्या गावातल्या नाथाच्या लहान देवळाचे पुजारी धुळाबापू काठी टेकत तिथंच होते. त्यांनी विजयमालाच्या कपाळाला मूठभर गुलाल फासला. "नाथबाबाच्या नावानं चांगभलं," ते म्हणाले. तीही म्हणाली आणि नवऱ्यामागून माळाकडं निघाली.

आरसेमहाल म्हणजे पत्र्याचं छप्पर आणि फळ्यांच्या भिंती. दाराशी मानसिंग नावाचा माणूस तिकिटं फाडत होता. त्याचा खेळ सोलापूरपासून फिरत आला होता आणि दिवसभर एकच गोष्ट सांगून त्याचा आवाज बसला होता. "डावा हात भिंतीला लावा. हात सुटू देऊ नका. कितीबी वळणं येऊ द्यात, हात सुटला न्हाई तर मागच्या दाराला लागणारच."

विजयमालाला हे आवडलं. यात धीर लागत नव्हता, फक्त हात लागत होता.

आकाराम वळसा घालून मागं गेला. ती आत शिरली. पुढचं दार मिटलं तसा ढोलांचा आवाज बारीक झाला. डावा तळहात चौकटीवर ठेवून ती चालू लागली. समोरून एक बाई आली. रुंद, बसकी, कपाळ गुलाबी. ती बाजूला झाली आणि तिथून दुसरी आली, उसासारखी लांब. विजयमालानं मान खाली घातली आणि वळणं मोजली. तिसऱ्या वळणाला तळहात ओला झाला आणि लाकडावर सरकू लागला. पाचव्याला कानात दडे बसले. येऊ दे, ती मनाशी म्हणाली, आता श्वास. सातव्याला श्वास वर अडकला. तरीही ती चालत राहिली. नवव्या वळणाला आरसे संपले आणि समोर साध्या फळ्यांचं दार आलं. फटीतून उजेडाची एक रेघ आत पडली होती.

तिनं दार ढकललं. ते बाहेरून लावलेलं होतं.

रथाच्या दिवशी फुकटी पोरं मागनं घुसतात, म्हणून मानसिंगनं त्या दिवशी मागल्या दाराला कडी घातली होती. कोणी आतून थाप मारली की बाहेरून उघडायचं. हे तिला ठाऊक नव्हतं, पण तिनं थाप मारली. "आवं, दार उघडा," ती म्हणाली. आवाज नेहमीचा होता. कोणी उघडलं नाही. तिनं परत थाप मारली. बाहेर कोणाचे तरी पाय वाजले आणि थांबले. मग ढोल जवळ आले.

तिनं पेटी काढली. काडी ओढली. ती एका झटक्यात पेटली आणि ज्योत सरळ उभी राहिली. मागच्या आरशात आणखी ज्योती उभ्या राहिल्या, सगळ्या सरळ. हवा होती. हे तिला स्वच्छ दिसत होतं. पेवात अशी ज्योत असती तर तिचा बाप गाणं म्हणत उतरला असता. पण श्वास खाली उतरेना. ज्योत बोटाला लागली आणि हातातली काडी पडली.

पुढचं तिला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. फळीवर आपटणारे स्वतःचे हात. केस सुटले. कोणीतरी किंचाळत होतं आणि तो आवाज तिला लांबून येत होता. मग दार एकदम उघडलं आणि ती गुलालाच्या धुळीत तोंडावर पडली.

उठून बसली तेव्हा सगळं अंग थडथडत होतं. श्वास हुं हुं करत नाकातून सुटत होता. केस मोकळे, कपाळ गुलाबी, डोळे लाल. आणि त्याच वेळी रथ माळाच्या कडेला आला होता. एक बाई थबकली. तिनं दोन्ही हात जोडले.

"अगं नाथ आला. ह्या बाईच्या अंगात नाथ आला."

मग कोणाला काही विचारायची गरज उरली नाही. बायकांनी तिच्याभोवती कडं केलं. त्यामागं दुसरं कडं, त्यामागं तिसरं. कोणी पायावर पाणी ओतलं, कोणी कपाळाला हळद लावली. तोंडापुढं कापूर पेटवला आणि त्याचा धूर तिच्या नाकात गेला. "बाजूला व्हा," ती म्हणाली. "देव म्हनतोय बाजूला व्हा," एक बाई ओरडली आणि बघायला आणखी माणसं पुढं आली. तिनं हात झाडले, माणसं ढकलली. जिला तिचा हात लागला ती धन्य झाल्यासारखी मागं सरली आणि तिची जागा दुसरीनं घेतली. आभाळ वर कुठंतरी होतं. तिला त्याचा पैशाएवढा तुकडा दिसत होता.

धुळाबापू काठी टेकत आत आले. त्यांनी तिच्यापुढं बसकण मारली. "कोन हायस बाबा?" त्यांनी अदबीनं विचारलं. "नाव सांग."

"विजयमाला," ती म्हणाली. श्वासाच्या मधे एकेक अक्षर सुटत होतं. "विजयमाला आकाराम..."

बापूंनी मान हलवली. "झाडाचं, ज्येच्या अंगात आलाय त्येचं नाव सांगतोय. सोताचं सांगंना आजून."

बनुबाई गर्दीतून पुढं आली. वर्षभर सुनेला खुळी म्हणणाऱ्या त्या बाईनं तिच्या पायावर डोकं ठेवलं आणि ती रडू लागली. विजयमालानं तिच्या डोक्यावरून आकारामला शोधलं. तो आरसेमहालाच्या मागल्या दाराशी उभा होता. त्याचा हात अजून कडीवर होता.

तिला देव सुटायला, म्हणजे श्वास परत जागेवर यायला, अर्धा तास लागला. बैलगाडीतून घरी आणलं. घरी आल्यावर बनुबाईनं पितळी वाटीत दूध आणलं आणि दोन्ही हातांनी पुढं केलं. "दूध घ्या जी," ती म्हणाली.

विजयमालानं वाटी घेतली नाही. "आत्याबाई, आवं मला अगं म्हना. मी विजी हाय. देव न्हाई आला वो. दार लावलं हुतं, मला कोंडल्यावानी झालं."

"आसं म्हनू ने," बनुबाई म्हणाली आणि दोन्ही कानांना हात लावला.

शुक्रवारी सकाळी धुळाबापू आले. ओसरीवर घोंगडं टाकून त्यांना बसवलं. ते वाईट माणूस नव्हते. त्यांना कोणाकडून काही नको होतं. त्यांच्या बापानं सांगितलं होतं आणि त्यांनी ऐकलं होतं, तसं ते सांगत होते. रथाच्या दिवशी पहिल्यांदा अंगात आलं, आणि देवानं नाव सांगितलं नाही, तर पाच आयतवार त्या बाईनं नाथाच्या गाभाऱ्यात बसायचं. तोवर गावाची शीव ओलांडायची नाही. नाव न सांगता देव गेला तर घरादारावर कोप.

"बापू," विजयमाला खांबाआडून म्हणाली, "माझं लहानपनापासनं आसं हाय. जागा बंद झाली की हुतं. सातारच्या ठेसनात झालं. त्या दिशी काय रथ हुता का?"

"त्या दिशी देवानं तुला गाडीतनं खाली काडली," बापू शांतपणे म्हणाले. "आपल्या मुलखातनं जाऊ दिलं न्हाई. आमाला कळलं न्हाई तवा."

"आवं मी सांगतीया न्हवं, देव न्हाई म्हनून."

"पयल्यांदा समदी न्हाईच म्हनत्यात, बाई. व्हय म्हनतो त्यो ढोंगी. न्हाई म्हनतो त्येचं खरं."

विजयमालानं मनात तपासून पाहिलं. नाही म्हटलं तर ते खरं ठरत होतं. हो म्हटलं तर पाच रविवार ठरलेलेच होते. गप्प बसलं तर देव नाव सांगत नव्हता. कुठल्याही बाजूनं हात लावून गेलं तरी त्याच एका दाराशी येणं होत होतं. आता एकच माणूस काही सांगू शकत होता.

आकाराम मागं कडब्याच्या गंजीजवळ ट्रंकेला रंग लावत होता. नाव, नंबर, पलटण. अक्षरं सरळ यावीत म्हणून त्यानं दोरी ताणून बांधली होती.

"तुमी मागल्या दाराशी हुता," ती म्हणाली.

"हुतो."

"माझी थाप आयकली?"

कुंचला अक्षरावर थांबला. "आयकली."

"मग?"

"मानसिंग कडी काडाया आला हुता. मी म्हनलो, थांब. मी काडतो." त्यानं कुंचला डब्यात ठेवला. "शंभर मोजायचं ठरीवलं हुतं. शंभरापत्तुर धीर धरलास तर गाडीत काय बी हुनार न्हाई, आसं मला वाटलं."

"शंभर."

"डब्याचं दार मधी कोन उघडनार हाय, विजे? तिथं मी कितीबी म्हनलो तरी उघडत न्हाई."

तिला त्याचा हिशेब कळत होता. ती त्याच्या जागी असती तर कदाचित तिनंही असाच मांडला असता. "मी वरडले तवा किती झालं हुतं?"

"एकाहत्तर."

"मग काडली कडी?"

तो तिच्याकडं बघत नव्हता. "न्हाई. पुरं केलं."

गंजीवरून एक चिमणी उडाली. विजयमाला खाली बसली. ट्रंकेवरचा ओला रंग उन्हात चमकत होता.

"आता चला," ती म्हणाली. "बापू आजून ओसरीवर हायत. ह्येच सांगा त्यास्नी. मीच तिला कोंडून घातली म्हनावं, म्हनून तसं झालं. तुमी सांगितलं तर आयकतील. फौजेतलं मानूस हायसा."

"सांगून काय हुईल?"

"उद्या गाडीत बसू."

आकारामनं कुंचला परत उचलला. मग तो जे बोलला ते अगदी हळू बोलला, जणू ट्रंकेलाच सांगत होता. "काल पत्तुर खुळी म्हनत हुती तुला. आज आई तुज्या पाया पडती. ह्यातलं कुठलं बरं, तूच सांग. आन् खरं बोलू का, विजे? तुजं वरडनं आयकल्यापासनं मला वाटंना झालंय. तू बसशील डब्यात आसं मला आता वाटंना झालंय."

"पाळन्यात बसले की."

"पाळना अकरा फेऱ्यांचा हुता."

बुधवारचं सगळं तिला आठवलं, पाच बटणं, त्यातलं एक दुसऱ्या रंगाचं. तिनं आज त्याच्या सदऱ्याकडं पाहिलं. हा सदरा दुसरा होता.

"पाच आयतवार झालं की मी सुट्टीचा अर्ज टाकतो," तो म्हणाला. हे खरं नाही हे दोघांनाही ठाऊक होतं. दोन महिन्यांची सुट्टी संपलेली होती आणि नाव तळाला जायला एक दिवस पुरत होता.

शनिवारी तो एकटाच गेला. विजयमाला शिवेच्या दगडापर्यंत गेली. पुढं जाऊ नये म्हणून बनुबाई आणि आणखी दोघी बरोबर होत्या. बैलगाडीत ट्रंक होती, अक्षरं सरळ आली होती. गाडी हलताना आकारामनं खिशातून नवी काड्याची पेटी काढून तिच्या हातात दिली. ती तिनं घेतली. दुसरं काय करायचं ते तिला सुचलं नाही.

रविवारी सकाळी तिला न्हाऊ घालून नाथाच्या देवळात नेलं. गाभारा दगडी होता. दार कमरेएवढं, वाकून शिरायचं. खिडकी नव्हती, धूर जायला भोकही नव्हतं. "केस मोकळं सोडा," बनुबाई म्हणाली आणि तिनंच सोडले. काड्याची पेटी धुळाबापूंनी बाहेर ठेवायला सांगितली. आत नाथाच्या दिव्याशिवाय दुसरा विस्तव चालत नाही.

ती आत बसली. पाठीला मूर्तीचा ओटा लागत होता. दाराच्या चौकटीत बायका बसल्या, त्यांच्या मागं आणखी बायका, त्यांच्यामागं सभामंडपात पुरुष. उजेड त्यांच्या डोक्यांमधून सुतासारखा येत होता आणि कोणी डोकं हलवलं की तोही तुटत होता. कोणाचं पोर बोलत नव्हतं, कोणाला म्हैस सापडत नव्हती, कोणाचा भाऊ मुंबईहून पत्र पाठवत नव्हता. सगळे वाट बघत होते. देवानं नाव सांगितलं की मग ते विचारणार होते.

आधी तळहात ओले झाले. मग कान. बापूंचा आवाज लांबून आला, "येतोय, येतोय. बगा हात कसं थरथराय लागलं."

समोर हाताच्या अंतरावर नाथाचा दिवा होता. तिनं त्याच्याकडं डोळे लावले. ज्योत दोन बोटं उंच होती, टोकाला पिवळी, बुडाशी बारीक निळी. आखडत नव्हती. हवा होती. सगळ्यांना पुरेल एवढी हवा होती.

ती मोजू लागली. एकाहत्तरला तिनं ओठ घट्ट मिटून घेतले. शंभर झाले तेव्हा दाराकडं पाहिलं. तिथं माणसं होती, हात जोडलेली. तिनं परत दिव्याकडं तोंड केलं आणि एकपासून सुरुवात केली. ज्योत सरळ उभी होती.